भ्रूण म्हणायचं की गर्भ?

रामबागची सून: शिक्षण सगळं इंदूरला, हिंदीतून. गरोदर बायकांसाठीच्या एका हिंदी पत्रकाचं मराठी करतेय. मूळात पहिल्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत 'भ्रूण'च आहे. 'विसाव्या आठवड्यात भ्रूणाची हालचाल' असं लिहिलं, तर पुण्याच्या जाऊबाई म्हणाल्या, गर्भ म्हण. का? आणि 'योजना भ्रूणावस्थेत आहे' हे चालतं का?

निवृत्त मास्तर, इंदूर: जाऊबाईंचं बरोबर आहे. फलनापासून आठ आठवडे भ्रूण, नवव्यापासून जन्मापर्यंत गर्भ. हृदय, मेंदू, हातपाय यांची मांडणी त्या आठ आठवड्यांत होते, पुढे मुख्यतः वाढ. गोम एवढीच, की डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. रिपोर्टवर दहा आठवडे असतील, तर फलनाला झालेले असतात साधारण आठ. पत्रकात कुठली मोजणी आहे ते आधी बघा, नाहीतर सगळंच दोन आठवडे सरकेल.

झाडांत ही भानगड नाही. बीमध्ये असतो तो भ्रूणच. वर्गात मी फळ्यावर आकृती काढायच्या आधी भिजवलेले शेंगदाणे वाटायचो. साल काढून दोन पाकळ्या हलकेच सोडवा, एकीच्या टोकाला चोच चिकटलेली राहते. तिचं बाहेरचं टोक म्हणजे होणारं मूळ, आतल्या बाजूला दुमडलेली इवली पानं. नुसती चोच म्हणजे भ्रूण नव्हे हं, पाकळ्याही त्याच्याच, शिदोरी त्यांच्यात. पोरं चोच आधी चावायची आणि तोंड वाकडं करायची, कडवट असते ना!

शंकेखोर: मग मास्तर, 'स्त्रीभ्रूणहत्या' कसं? मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळेपर्यंत आठ आठवडे कधीच उलटलेले असतात.

निवृत्त मास्तर, इंदूर: खरंय. शास्त्राच्या काट्यावर तो गर्भच. पण शब्द रुळलाय, लोकांना कळतो, त्याला हात लावू नये. लिंगनिदानाविरुद्धच्या 1994च्या कायद्याच्या नावात मात्र भ्रूण नाही, 'प्रसवपूर्व' आहे.

आता योजनेचं. 'भ्रूणावस्थेत' चुकीचं नाही, पण मला त्यात सरकारी टिपणीचा वास येतो. सरळ 'अजून कागदावर आहे' म्हणा. आणि जे सुरू झालंय त्याला तर मुळीच लावू नका. परवा कुणीतरी आपल्या इंदूरच्या मेट्रोला भ्रूणावस्थेत म्हणालं. अहो, 31 मे 2025 पासून सुपर कॉरिडॉरवर धावतेय ती! बाल्यावस्था म्हणा हवं तर.