रोझमेरी भोळी नाहीये हो

वर दोघातिघांनी लिहिलंय की 'रोझमेरीज बेबी' या कादंबरीतली गरोदर रोझमेरी फारच भोळी आहे, पोटात एवढं दुखत असताना दुसऱ्या डॉक्टरकडे का जात नाही. मला हे अजिबात पटलं नाही. लेखक आयरा लेविनने तिला मुद्दाम पहिलटकरीण घेतलीय आणि तिचा डॉक्टर सॅपरस्टीन पहिल्याच भेटीत सांगतो की पुस्तकं वाचू नकोस, मैत्रिणींचं ऐकू नकोस, म्हणजे तुलना करायला काही उरतच नाही ना! तो पार्टीचा प्रसंग परत वाचा, मैत्रिणी तिला किचनमध्ये नेतात, नवऱ्याला आत येऊ देत नाहीत आणि तिथे तिला पहिल्यांदा कोणीतरी सांगतं की इतकं दुखणं नॉर्मल नाही, आणि ती ढसाढसा रडते. मला शेवटापेक्षा तेच पान जास्त लागलं. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे ती जातेच की नंतर, डॉ. हिल सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि फोन करून तिला परत नवऱ्याच्या आणि सॅपरस्टीनच्याच हवाली करतो.

अजून एक, पुस्तक आलं 1967 मध्ये. त्याआधी पाचसहा वर्षंच थॅलिडोमाइडचं प्रकरण गाजलेलं, मळमळीसाठी गरोदर बायकांना दिलेलं औषध, हजारो बाळं हातापायात व्यंग घेऊन जन्माला आली. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी मंजुरी अडवून धरली म्हणून तिथे त्यामानाने कमी नुकसान झालं. त्या काळच्या वाचक बायकांना शेजारीण मिनीने रोझमेरीला रोज आणून दिलेला तो हिरवट पेयाचा पेला बघून काय वाटलं असेल, विचार करा.