'बिझनेस इंटेलिजन्स'ला मराठीत काय म्हणावं?

खारीबिस्किट:
एका दूध संघाचं काम आलंय. नवीन सॉफ्टवेअर घेतलंय त्यांनी, रोजचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), गावोगावचा खप सगळं एका स्क्रीनवर, त्यातले शब्द मराठी करून द्यायचेत. वरच्या 'बिझनेस इंटेलिजन्स' या पाटीवरच अडलेय, म्हणजे धंद्याचे आकडे एकत्र बघून निर्णय घ्यायची सोय. 'व्यवसाय बुद्धिमत्ता' लिहिलं तर तिथले साहेब म्हणे, मॅडम, म्हणजे इतकी वर्षं आम्ही बिनडोक होतो का 😀

जुना मुनीम:
साहेबांचं बरोबर आहे. हा इंटेलिजन्स अकलेचा नाही, बातमीचा, लष्करात असतो तो. १८६५ च्या एका इंग्रजी पुस्तकात हा शब्द एका सावकाराबद्दल आलाय, युरोपातल्या लढायांच्या बातम्या त्याला सगळ्यांच्या आधी कळायच्या आणि त्यावर तो पैसा करायचा. पुढे १९५८ त आयबीएमच्या हान्स पीटर लूनने तोच शब्द यंत्राला लावला. म्हणून 'व्यापारवार्ता'.

टपरीवाला:
मुनीमकाका, व्यापारवार्ता म्हणजे पेपरात सोन्याचे भाव येतात ते पान. बहिर्जी नाईक खातं म्हणा सरळ

शुद्धमती:
गंमत पुरे. आधी डेटाला 'विदा' म्हणायला शिका, विद् म्हणजे जाणणे. मग 'विदा विश्लेषण' आपोआप जमेल.

टपरीवाला:
विदा म्हटलं की हिंदी पिक्चरमधली नवरी रडत गाडीत बसते हो ताई. आणि डेटाचा मूळ अर्थ 'दिलेलं', लॅटिन आहे, म्हणजे भूमितीत आपण पक्ष-साध्य लिहायचो त्यातला पक्ष. मग काय, पक्ष विश्लेषण? निवडणुकीला उपयोगी पडेल

शुद्धमती:
'दिनांक'लाही लोक असेच हसले होते.

जुना मुनीम:
दिनांक फॉर्मवर राहिला, तोंडात अजून तारीखच.

खारीबिस्किट:
अहो भांडू नका, दुसरंच लफडं झालंय. 'कस्टमर चर्न' म्हणजे किती गिऱ्हाइकं तुटली ते. मशीनने आधी 'ग्राहक घुसळण' केलं होतं, डेअरीत घुसळण! मी 'गळती' केलं, शाळेत मुलांची गळती म्हणतात ना तसं. तर रिपोर्टात 'गळती ६ टक्के' बघून विक्रीवाल्यांनी पॅकिंगला फोन लावला की पिशव्या फुटतायत, सीलिंग मशीन बघा. अर्धी शिफ्ट मशीन बंद!!

सायीचं दही:
हसू नका, मी डेअरीत अकाउंट्सला होते. आमच्याकडे 'विक्री' या साध्या शब्दावर दर सोमवारी मीटिंगमध्ये जुंपायची. मार्केटिंगच्या लेखी गाडी गेटबाहेर पडली की विक्री, आम्ही परत आलेल्या पिशव्या वजा करून धरायचो, त्यामुळे एकाच दिवसाचे दोन आकडे आणि साहेब स्क्रीनकडे बघायचेच नाहीत, ड्रायव्हरला विचारायचे आज क्रेट किती परत आले. शेवटी गाडीत चढला तो 'उठाव' आणि परत आलेलं वजा जाता 'खप' असं ठरवून भिंतीवर लिहून लावलं तेव्हा कुठे ताळा जमला.

टपरीवाला:
उठाव म्हणजे १८५७

जुना मुनीम:
बाजारात मालाला उठाव असतो, अगदी जुना शब्द. दही ताई, पण नासलेलं दूध कशात धरायचात?

सायीचं दही:
त्यावर वेगळी मारामारी. 'घट'.

शुद्धमती:
घट म्हणजे मडकंही.

खारीबिस्किट:
पाटीचं सांगा ना कुणीतरी, उद्या द्यायचंय. तूर्तास 'बी.आय.' लिहिते, तर साहेब विचारतायत ही बी.आय. बाई कोण

टपरीवाला:
शुद्धमती ताई, तो विदा की ती विदा?