मदत हवी आहे: आईच्या सोया कॅप्सूल आणि हृदयाचे ठोके

आम्ही वाशिम जिल्ह्यातले. पाळी गेल्यापासून आईच्या अंगातून वाफा निघतात, म्हणून कोणीतरी सोया आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल सुचवल्या. झोप लागते म्हणते, सोडायला तयार नाही. पण ठोके अनियमित पडतात म्हणून तिला अमिओडारोन चालू आहे, आणि परवाच्या ईसीजीवर क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यात हृदयाच्या विजेला पूर्ववत व्हायला लागणारा वेळ म्हणजे क्यूटी, तो ठोक्यांच्या वेगानुसार जुळवलेला) ४७२ मिलिसेकंद छापून आलाय. बायकांमध्ये ४६० च्या वर म्हणजे लांबलेला.

सोयाबीनमधली जेनिस्टीन, डेडझीन ही आयसोफ्लेवोन शरीरात थोडीफार इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी वागतात. वयात आल्यावर बायकांचा क्यूटी पुरुषांपेक्षा लांब असतो, त्यात हार्मोन्सचा हात आहे. अमिओडारोन तर तो लांबवतंच. मग त्यात कॅप्सूलची भर कशाला? सोयाबीन वड्या, जवसाची चटणी मात्र बंद करणार नाही. ते रोजचं जेवण आहे, कॅप्सूलमध्ये अर्क असतो.

ग्रुपमधले डॉक्टर, फार्मासिस्ट दादा-ताई, नागपूरची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर कॅप्सूल थांबवू ना? पोटॅशियम, मॅग्नेशियम आताच तपासू का? अमिओडारोन आम्ही मनानं बंद करणार नाही. तिला मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचीच जास्त धास्ती आहे. तारखेची वाट न पाहता घेऊन जाऊ का?