हॅम रेडिओच्या डायपोल अँटेनावर (दोन तारांच्या पायांच्या) बोललो की खालच्या काकूंची बेल वाजते!

गच्चीकर: सोसायटीच्या गच्चीवर ७.१ मेगाहर्ट्झचा इन्व्हर्टेड-व्ही (मध्य उंच, दोन्ही पाय उतरते असा डायपोल) टाकलाय. आरजी-५८ कोअॅक्स केबल थेट मध्यावर जोडलीय, बालन (केबल आणि अँटेनामधला समतोल राखणारा भाग) नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) १.३, म्हणजे झकास. तरी ५० वॅटवर बोललो की खालच्या काकूंची वायरलेस बेल वाजते, माइकच्या जाळीला ओठ लागला की चटका बसतो. केबल हातात धरली तर मीटर हलतो. अर्थिंग वाढवू का?

जुना खुंट: अर्थिंगचा नाद सोड. केबल धरल्यावर मीटर हलतो ना, तिथंच उत्तर आहे. शील्डच्या (केबलमधल्या धातूच्या जाळीच्या) बाहेरच्या अंगावरून करंट खाली येतोय; केबलच अँटेनाचा तिसरा पाय झालीय. एसडब्ल्यूआर चांगला आहे यावरून हे कळतच नाही. फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडलीय तिथं, १:१ करंट बालन, म्हणजे हा करंट अडवणारा चोकच, लाव: ३१ मिक्सचा (फेराइटचा एक प्रकार) २.४ इंची फेराइट टोरॉइड (कडं), त्यावर याच केबलचे दहा-बारा वेढे. फार आवळू नकोस, आतली तार सरकते.

तारतंत्री: कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी कडी चालतील का? फुकट आहेत!

जुना खुंट: नाही रे बाबा. ती लोहभुकटीची, इथं पुरेसा अडथळाच देत नाहीत. त्यापेक्षा पीव्हीसी पाइपवर केबल गुंडाळलेली बरी, पण ती एखाद्या बँडपुरतीच (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यापुरतीच).

गच्चीकर: चोक लावला. बेल गप्प! माइक मात्र अजून किंचित चावतो.

जुना खुंट: रिगपाशी (रेडिओ सेटपाशी) दुसरा चोक लाव. आणि केबल अँटेनाच्या तारेला समांतर नेऊ नकोस, मधोमध सरळ खाली सोड.