हापूस-कोकम घातलेली बिअर: कसब की झाकपाक?

करवंद:
पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून छोट्या ब्रुअरींच्या बिअरचा नाद आहे. आता पर्याय भरपूर झालेत. तक्रार एकच. कुठेही टेस्टर ट्रे (चवीपुरत्या छोट्या ग्लासांचा) मागवा, निम्मे ग्लास फळांचे नाहीतर मसाल्याचे. मँगो व्हीट, कोकम सावर (आंबट बिअर), कॉफी स्टाउट (काळी बिअर). साधी लागर (थंडीत मुरवलेली बिअर) विचारली की वेटर म्हणतो, "सर, आज नाहीये."

माझ्या मते ब्रुअरची पारख साध्या बिअरवर होते. पिल्सनर या लागरच्याच प्रकारात लपायला जागाच नसते. लोण्यासारखा वास आला (डायॲसिटिल) तर बहुधा आंबवण पुरी व्हायच्या आत घाई झालेली असते, उकडलेल्या मक्यासारखा आला तर उकळी कमी पडलेली असते. हापूसचा पल्प ओतला की हे सगळं झाकलं जातं. लागर नको तर हेफेवायझेन, म्हणजे गव्हाची जर्मन बिअर, करून दाखवा. निम्म्याहून जास्त गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), आणि तो केळ्याचा नि लवंगेचा वास येतो फक्त यीस्टमुळे. त्यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग. स्टाउटमधला कॉफीचा वासही भाजलेल्या जवाचा असतो, मग वर आणखी कॉफी कशाला? आधी हे जमवा, मग फळबाजारात जा.

आंबटशौकीन:
साफ असहमत. पारख कशावर करायची हे ठरवलं कोणी? १५१६चा तो जर्मनीतल्या बव्हेरियाचा बिअरचा कायदा सगळे नाचवतात: जव, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), पाणी, बस्स. त्या कायद्याने तुमची लाडकी हेफेवायझेनसुद्धा बाद होते, कारण गहू त्यात नाहीच! गव्हाची बिअर गाळायचा हक्क पुढे बराच काळ तिथल्या राजघराण्याने स्वतःकडे ठेवला होता.

बेल्जियमची विट ही गव्हाची बिअर घ्या. धने आणि संत्र्याची साल हा तिचा जीव. हूगार्डन गावात ती बंद पडली होती, पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६०च्या दशकात पुन्हा सुरू केली. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, आधी पिल्सनर करून दाखव. आपल्याकडे हॉप्स बहुतेक बाहेरून येतात, चांगला माल्टही पुष्कळदा बाहेरचा. मग इथली म्हणायची तर कोकम, आंबा, ज्वारी नाही घालायची तर काय घालायचं?

म्युनिककर:
दोघांच्या मध्ये पडतो. जर्मनीतच गोझे नावाची बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धने असतात. बर्लिनची आंबट वाइसे तर रासबेरीचं नाहीतर वुडरफ या वनस्पतीचं सिरप घालून देतात, लाल किंवा हिरवी. त्यामुळे जर्मन म्हणजे सोवळे हा समज सोडा.

पण इथे म्युनिकमध्ये लोक वर्षानुवर्षं एकच हेलेस (फिकट रंगाची लागर) पितात आणि जरा बिघडली तर पहिल्या घोटाला ओळखतात. सहा ग्लासांचा ट्रे समोर ठेवून तशी जीभ तयार होत नाही. करवंद यांचा मुद्दा मला त्या अंगाने पटतो.

टाकीवाला:
एका छोट्या ब्रुअरीत काम केलंय, म्हणून आतलं सांगतो. लागर न मिळण्याचं कारण कसबापेक्षा टाक्यांत आहे. व्हीट बिअर दोनेक आठवड्यांत ग्लासात येते. लागरला थंडीत मुरायला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढे दिवस ती टाकी अडते. टाक्या मोजक्या, जागेचं भाडं पुण्या-मुंबईचं. मालक काय निवडणार?

आंबा घालणं सोपं आहे हा गैरसमज. आंबवण चालू असताना पल्प घातला तर साखर यीस्ट खाऊन टाकतं, आंब्याचं नाव उरतं. नंतर घातला तर बिअर थंडच ठेवावी लागते, नाहीतर पुन्हा आंबायला लागते. ताज्या फळाबरोबर रानटी यीस्ट येतं ते वेगळंच. आणि आंबा दोष झाकतो म्हणता? डायॲसिटिल असलेल्या बिअरमध्ये हापूस घाला, आम्रखंड तयार. आणखी लक्षात येतं! एसेन्सवाल्यांची बाजू मी घेत नाही, ते नाकाला कळतं.

कोकम सावरमध्ये आंबटपणा मुख्यतः लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंचा, कोकम रंग आणि वास देतं. कोणी नुसतं आगळ ओततं, मग मीठही येतं. म्युनिककर, ती तुमची गोझेच झाली की!

निंबोणी:
एवढा अभ्यास करण्यापेक्षा ताक प्या.

टाकीवाला:
@निंबोणी, प्यायलात की त्याच कुळातले जिवाणू पोटात गेले. 😄

करवंद:
टाक्यांचं गणित मान्य, पण ते मालकाचं गणित. गिऱ्हाइकाने का सोसावं? आणि विट, गोझे ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. त्यात धने इतके बेताचे की खाली गव्हाची बिअर लागते. आपल्याकडे आंबा पहिला, आंबा शेवटचा.

अजून एक. ट्रे देताना सगळे ग्लास बर्फागत गार आणतात, त्यात चव कशी कळणार? आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) आधी प्यायली की तिचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि पुढची हेफेवायझेन पाण्यासारखी लागते. हलकीपासून सुरुवात करा हे सांगायलाही कोणी नसतं. वर चकण्याला तिखटजाळ मसाला पापड.

आंबटशौकीन:
पापडाला हात लावायचा नाही हं! बाकी आयपीएचं निघालंच आहे तर, खरी पारख तिथे करा. हॉप्सचा वास उष्णतेने आणि हवेने भराभर उडतो, आणि आपला एप्रिल कसा असतो ते सांगायला नको. ताजी आयपीए आणि दोन महिने केगमध्ये (बिअरच्या पिंपात) पडलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यावर कोणी भांडत नाही, सगळे आंब्याच्या मागे.

आणि मालकाचं गणित गिऱ्हाइकाकडेच येतं, राव. लागरसाठी दीड महिना टाकी अडवायची तर ती हापूसवालीपेक्षा महाग विकावी लागेल. साध्या लागरचे जास्त पैसे द्याल?

करवंद:
देईन. पण फळ्यावर दराशेजारी केग कधी भरला ती तारीख लिहा. आयपीएलासुद्धा.

टाकीवाला:
तारीख लिहिली की जुना केग कोणी घेणार नाही, म्हणून तर लिहीत नाहीत.