वर्गातली यंत्रं: तुमचे किस्से, फजित्या आणि खरंच कामाला आलेल्या गोष्टी

शाईचा डाग
काल कपाट आवरताना एक चपटा डबा हाताला लागला. आत ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पानांचा गठ्ठा! पहिल्या पानावर धडाची नुसती बाह्यरेषा, दुसऱ्यावर अन्ननलिका आणि जठर, तिसऱ्यावर यकृत, चौथ्यावर आतडी. एकावर एक ठेवत गेलं की माणूस पुरा होतो. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा निळा ठसा अजून आहे, कारण मी थुंकी लावून पुसायचे. (आता लपवून काय करू.)

यंत्र म्हणजे भट्टी होती. पंखा घरघरायचा, दिव्याची धग तोंडावर यायची. पण मुलांकडे पाठ न करता लिहिता यायचं, आणि पुढचं पान ठेवण्याआधी "आता काय येणार?" असं विचारायची सवय मला त्यानेच लावली. एकदा एका मुलाने यकृताचं पान उलटं ठेवलं, यकृत गेलं डावीकडे. वर्ग हसला. त्याने शांतपणे विचारलं, "बाई, असा माणूस असतो का?" मी ठसक्यात म्हटलं, नसतो. घरी जाऊन वाचलं तर असतो! दहा हजारांत साधारण एखाद्याचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असतात आणि बहुतेकांना काही त्रासही नसतो. दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं.

तुमच्याकडे काय काय होतं, काय आहे? आणि ते शिकायची संधी कुठून मिळाली? जुनं, नवं, फसलेलं, सगळं चालेल.

खडूची भुकटी
थुंकी!! मम. आमच्याकडे त्याला 'ओलं डस्टर' म्हणायचे.
सविस्तर रात्री लिहिते, पेपरांचा गठ्ठा समोर आहे.

पाचवा तास
मी फेटवाला, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचे विज्ञानाचे आभासी प्रयोग. २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेली ती सिम्युलेशनं, आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. विद्युतमंडलाचं सिम्युलेशन लावलं आणि पहिली दहा मिनिटं पोरांनी फक्त बॅटरीला आग लावली. शॉर्ट केलं की पडद्यावर ज्वाळा येतात ना. मी ओरडणार होतो, मग म्हटलं लावू देत, खरी तर जळत नाहीये. आग लावून कंटाळल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, हे इलेक्ट्रॉन मुंगीच्या चालीने चाललेत, मग दिवा लगेच कसा लागतो?" इतकी वर्षं शिकवतोय, फळ्यावरच्या आकृतीवरून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तार आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, सगळे एकदमच हलू लागतात, भरलेल्या नळीतल्या पाण्यासारखे. अख्खा तास त्यात गेला.

आता फजिती. चाचणीत सात जणांनी लिहिलं, "इलेक्ट्रॉन निळ्या रंगाचे असतात."

रिकामा बाक
निळे इलेक्ट्रॉन 😂😂 बायकोला वाचून दाखवलं

खडूची भुकटी
@पाचवा तास, हे इंटरनेट नसताना चालतं का? आमच्याकडे ते येतं तेव्हा तास संपलेला असतो.

पाचवा तास
चालतं की. एकेक सिम्युलेशन घरी उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचं, ब्राउझरमध्ये उघडतं. तसाच किविक्स, त्यात अख्खा विकिपीडिया बिनइंटरनेटचा वाचता येतो.

सरळरेषा
मी फ्लॅशच्या पिढीची, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशनं चालवणारं ते जुनं सॉफ्टवेअर. भूमितीची आणि ग्रहणांची ॲनिमेशनं जमवून जमवून दोन सीड्या भरल्या होत्या. कोणतं कुठल्या धड्याला लावायचं त्याची वही वेगळी. २०२० च्या अखेरीला फ्लॅश बंद होणार हे तीन वर्षं आधी जाहीर झालं होतं, मी मात्र 'बघू' म्हणत बसले. जानेवारीत ग्रहणाच्या तासाला उघडलं तर करडा चौकोन. चाळीस मुलं आणि करडा चौकोन! मग बॅटरी, चेंडू आणि एका मुलीचं डोकं घेऊन ग्रहण केलं. खरं सांगू? बरं झालं ते. नंतर कळलं की रफल नावाच्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर यातलं बरंचसं परत चालतं, पण वही सापडत नाही आता.

भूमितीसाठी आता जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर. त्याची सुरुवात २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठातल्या एका पदव्युत्तर प्रबंधातून झाली, हे मला फार आवडतं. आमचे प्रबंध कपाटात.

कानोसा
मोबाईलवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. बाळ झोपलंय तोवर.

माझ्या वर्गात एक मुलगी आली, तिला अजिबात दिसत नव्हतं. मी आधीच्या वर्षीच्या सगळ्या स्वाध्यायांचे नीट फोटो काढून पीडीएफ करून ठेवले होते, मोठा अभिमान होता त्याचा. तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी ते उभं केलं, सुरुवात २००६ ची. तर तिने माझी फाईल उघडली आणि ते काहीच बोललं नाही. ती म्हणाली, "मॅडम, पान कोरं आहे."

कोरंच की. मजकूर नव्हताच तिथे, मजकुराचा फोटो होता.

दोन महिने रोज रात्री एकेक स्वाध्याय परत टंकला. मथळ्याला मथळ्याची शैली द्यायची, नुसतं ठळक करून भागत नाही. चित्राखाली त्यात काय आहे ते लिहायचं. आणि चित्राचं वर्णन लिहायला बसलं की कळतं, यातली अर्धी चित्रं कशाला टाकली होती तेच आपल्याला सांगता येत नाही! ती काढूनच टाकली. "हे इथून असं तिथे जातं" हे वाक्य तोंडातून जायला मात्र वर्ष लागलं. अजूनही निसटतं. मग ती विचारायची, "कुठून कुठे, मॅडम?" आणि वर्गातले दोन-तीन डोळस चेहरेही सुटल्यासारखे दिसायचे, त्यांनाही कळलेलं नसायचं.

उठलं बाळ. नंतर येते.

शाईचा डाग
@कानोसा, "पान कोरं आहे" वाचून थांबलेच गं. माझेही सगळे फोटोच आहेत.

उंबरठा
मी शिक्षक नाही, पालक आहे, तरी आगाऊपणा करतो. आमच्या चिरंजीवांनी स्क्रॅचवर (मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा) खेळ केलाय, त्यात केशरी मांजर माझ्या आवाजात "अभ्यास कर" म्हणतं आणि त्यावर दगड टाकायचे. गुण मिळतात. आवाज कधी रेकॉर्ड केला पत्ता नाही.

रिकामा बाक
दगड किती लागले?

उंबरठा
विक्रम १४२. आईचा आहे.

तिरपा कंस
सगळे छान छान लिहितायत म्हणून थोडं खारट. 'संधी' या शब्दाचा मी धसका घेतलाय. एका प्रशिक्षणात तीन दिवस एकाने स्लाइड वाचून दाखवल्या, विषय 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन'. परस्परसंवादी फळा आला तो खोलीत कुलूपबंद, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. परत आले तेव्हा पेन हरवलेलं. मला खरी संधी मिळाली ती शेजारच्या वर्गातल्या बाईंकडून. मधल्या सुट्टीत त्यांच्या मागे उभं राहून ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर शिकलो. मुलांचं प्रकटवाचन रेकॉर्ड करून महिन्याने त्यांचं त्यांनाच ऐकवायचं. मी काही न बोलता ते स्वतःच म्हणतात, "सर, मी फार पळतोय."

सरळरेषा
+१००. पेन हरवलेलं 😭

तरंग की लहर
माझी संधी उलटीकडून आली. फेटवर अनुवादाची सोय आहे, मराठीत बरीच सिम्युलेशनं झालीत. मीही एक घेतलं. वाटलं वीस-पंचवीस शब्द, तासाभरात उरकेल. तीन आठवडे 'स्लायडर'वर अडले. सरकपट्टी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

पाचवा तास
सरकपट्टी मस्त आहे. पण मुलं स्लायडरच म्हणतात. आयडीवरून दिसतंच, पुढे कुठे अडलात 😄

तरंग की लहर
हो ना! तरंग ठेवला. तरंगलांबी आहेच, मग लहरलांबी कशाला.

खडूची भुकटी
पण प्रकाशलहरी म्हणतोच की आपण. तरंग पाण्यावरचे वाटतात.

तरंग की लहर
नका हो परत सुरू करू, आयडी बदलावा लागेल.

दोलक
फिफॉक्स कुणी वापरलं का? आखेन विद्यापीठाचं ॲप, फोनमधले सेन्सर प्रयोगाला वापरता येतात. ध्वनीचा वेग काढला आम्ही. दोन फोन पाच मीटरवर, दोन्हीत आवाजावर चालणारं स्टॉपवॉच. एकाने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू, दुसऱ्याने वाजवली की दोन्ही बंद. दोन वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला दहा मीटर जायला लागलेला वेळ, सुमारे ०.०२९ सेकंद. पहिल्यांदा उत्तर ९० मीटर प्रतिसेकंद आलं, कारण मधेच कुणीतरी शिंकलं. तिसऱ्या खेपेला ३३८ आलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्याने घड्याळं परत सुरू झाली.

खडूची भुकटी
झाले पेपर. माझं एकच: प्लिकर्स. मुलांकडे फोन नकोतच, प्रत्येकाला छापलेलं एक चौकोनी कार्ड. कुठली बाजू वर धरली त्यावर उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं. बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं जमा. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कधीच हात वर न करणारी एक मुलगी सलग नऊ प्रश्न बरोबर देत होती. मला सहा महिने पत्ता नव्हता.

शाईचा डाग
अगं हे मला उद्याच हवंय. कार्डं लॅमिनेट करून घेऊ का? पोरं चुरगळतील.

खडूची भुकटी
चकचकीत करू नकोस, उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला दिसत नाही. मी तेच केलं होतं. जाड कागदावर छाप. आणि बोटं आकृतीवर येऊ देऊ नका म्हणून सांग, दर वेळी सांगावं लागतं.