सासूबाईंच्या माथी मारलेला भांड्यांचा सेट परत कसा करायचा?

ऐरोलीकरीण
गेल्या शनिवारी आम्ही दोघं कामावर असताना एका कंपनीच्या मुलाने घरी येऊन सासूबाईंना ४८,००० रुपयांचा स्टीलच्या भांड्यांचा सेट विकला. मॉलमध्ये कुपन भरलं होतं, त्यावरून "गिफ्ट लागलंय, घरी आणून देतो" असा फोन आला होता. गिफ्ट म्हणजे सुऱ्या, आणि त्यासोबत दुपारभर डेमो. आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात आणि त्यांच्या भांड्यात सोडा घालून पाणी उकळलं आणि दोन्ही पाणी सासूबाईंना चाखायला लावलं. आमच्या टोपातलं पाणी गढूळ, चव कडवट. "आजी, हे विष तुम्ही नातवाला रोज देताय," म्हणाला तो मुलगा. त्या तिथेच खचल्या. ८,००० यूपीआयने गेले, बाकीचं सासऱ्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी घेऊन ईएमआयवर टाकलं. खोका उघडलेलाही नाही. पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलंय, आणि मॅनेजर फोन उचलत नाही. पैसे तर हवेतच, पण सासूबाई आता त्या टोपाला हातही लावत नाहीत, याचं जास्त वाईट वाटतं.

नौपाडावाला
ताई, आधी सासूबाईंना हे सांगा: खाण्याच्या सोड्याचं पाणी अल्कली असतं. ते उकळलं की अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर खातं, म्हणून पाणी तसं दिसतं. रोजचा भात-आमटी अशी शिजत नाही. हवं तर चिंचेचं, टोमॅटोचं आंबट आणि सोडा घातलेले छोले स्टीलमध्ये करा, बस. त्यांनी नातवाला विष दिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मायेवर घाव घालून माल विकणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं.

आता कायदा. घरी येऊन विकलेला माल इतक्या दिवसांत परत करता येतो, असा सरसकट हक्क आपल्याकडे गिऱ्हाइकाला नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये खोटी माहिती देऊन विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल सदोष असेल, तर तो परत घेऊन बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत पैसे द्यायला नकार देणंही त्यातच येतं. त्यामुळे पावतीवर काहीही छापलं तरी ते सुटत नाहीत. तुमची बाजू खोट्या डेमोवर उभी करा. "विष" हा शब्द, तारीख, वेळ, सगळं सासूबाईंना आठवतंय तोवर लिहून घ्या. ऑर्डर रद्द केल्याचं ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा, पोचपावती जपून ठेवा. खोका उघडू नका.

उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मध्यस्थी होते, आदेश निघत नाही. तरीही हलले नाहीत तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही.

वाशी_सेक्टर_१७
कर्जाचं आजच बघा. मोबाइलवरून झालेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कूलिंग-ऑफची, म्हणजे विचार बदलून कर्ज सोडून द्यायची मुदत असते. किती दिवस, ते केएफएस नावाच्या, कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदावर असतं. त्या मुदतीत दंड न भरता कर्ज बंद करता येतं, पण मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरावं लागतं. ते भरायच्या आधी ऑर्डर रद्द केल्याचं पत्र कर्ज देणाऱ्या कंपनीलाही पाठवा. विक्रेत्याने ऑर्डर रद्द झाल्याचं मान्य केलं तर कर्जही रद्द होऊ शकतं.

घोडबंदरकर
सोसायटीच्या गेटवरची त्या दिवशीची नोंद आणि सीसीटीव्ही लगेच मागून घ्या. फुटेज फार दिवस ठेवत नाहीत.

ऐरोलीकरीण
मॅनेजरचा आत्ताच फोन आला. म्हणतो, २० टक्के कापून परत देतो, पण "तक्रार नाही" असं लिहून द्या.

नौपाडावाला
सही करू नका. २० टक्के कापायचं कुठल्या कलमात लिहिलंय ते लेखी मागा. आणि फोनवर बोलणं बंद, पुढचं सगळं ईमेलवर.